बाहेर बंद, कानात चालू

बेस गिटार घेऊन गावात उतरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पावणं, हिच्या दोन तारा तुटल्या काय?" पूर्वी मी समजावून सांगायचो. साध्या गिटारला सहा, हिला चारच तारा असतात, जाड असतात, हिचं काम गाण्यात मिरवायचं नाही, गाण्याला खालनं धरून ठेवायचं आहे, वगैरे. आता मी "व्हय, तुटल्या" म्हणतो आणि पुढं होतो. अठरा-वीस वर्षं एकच गोष्ट सांगून माणसाचं डोकं किती थंड राहणार?

दिवसा मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत असतो, मोल्डिंगला. सुट्टीच्या दिवशी, आणि शिफ्ट जुळली तर मधल्या वारीही, ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. ऑर्केस्ट्रा म्हणजे आम्ही सहा जण. मालक, जो स्वतःच माईकवर बोलतो. कीबोर्डवाला, ढोलकीवाला, ऑक्टोपॅडवाला, मी, आणि गायिका. गायिका म्हणजे माझी बायको. कार्यक्रम मिळतात ते तिच्यामुळं. हे सांगताना मला कमीपणा वाटत नाही असं मी लोकांना सांगतो. वाटतो की. पण खरं ते खरं.

आमच्या घरात एक नियम आहे. ती एकटी कार्यक्रमाला जात नाही, नवरा स्टेजवर असला तरच जाते. लग्नाला अठरा वर्षं झाली, नियमालाही तेवढीच झाली. मला ताप आला की तिचा आवाज बंद. मला शिफ्ट लागली की मालकाचा फोन आणि शिव्या. कितीदा वाटलं, सोडावं हे. खांदा दुखतो, फौंड्रीत आठ तास उभं राहून परत तीन तास स्टेजवर उभं राहायचं म्हणजे पाय ओरडतात. पण मी बसलो की ती बसली. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मनातल्या मनात मी आईला बोल लावायचो. म्हातारीनं नियम करून ठेवला आणि अडकलो मी.

माझी बेस गोव्यातल्या हॉटेलात वाजवणाऱ्या एका माणसाकडून घेतलेली. तो चंदगडला सासरवाडीला यायचा, तिथं एसटी स्टँडवर सौदा झाला. गोव्याचा आणि चंदगडचा पाऊस तिनं लई खाल्ला असावा, कारण अजून ओल धरली की तिची मान वाकते आणि जाड तार मानेवरच्या पितळी पडद्यांवर खडखड करते. पाऊसकाळात मी आधी पाना घेऊन मान सरळ करतो, मग चहा पितो. वजनाला चांगली पाच किलो. लोक म्हणतात हलकी घे. मी म्हणतो, वजन नसलेल्या वस्तूतनं वजनदार आवाज कुठनं येणार? खरं की खोटं मला माहीत नाही, पण असं म्हटलं की लोक गप्प बसतात.

सुरुवातीला माझा स्वतःचा बॉक्स होता. जाड प्लायचा, आत पंधरा इंची स्पीकर, आमच्या पेठेतल्या एका मुसलमान सुतारानं प्रेमानं करून दिलेला. मी त्याच्या पुढं उभा राहायचो. आवाज कानाला नंतर, आधी पिंढऱ्यांना लागायचा. पँट हलायची. बेस वाजवणाऱ्याला आपण आहोत हे तिथं कळतं, पायात. मग मालक म्हणाला, गाडीत जागा नाही, बॉक्स घरी ठेव, डायरेक्ट लाईन दे. म्हणजे गिटारची वायर सरळ साऊंड ऑपरेटरच्या मिक्सरला. बॉक्स घरी राहिला. आईनं त्याच्यावर शिलाई मशीन ठेवलं.

त्यानंतर मालकानं सगळ्यांना कानात घालायचे स्पीकर आणले. कमरेला एक डबी, तिच्यात बॅटरी, तिथनं वायर वर येऊन दोन्ही कानांत. हे न बघितलेल्यासाठी सांगतो. मिक्सरवर प्रत्येकाची एक पट्टी असते. त्या पट्टीचा आवाज बाहेर लोकांना किती द्यायचा आणि कुणाच्या कानात किती द्यायचा, हे ऑपरेटर वेगवेगळं ठरवतो. माझ्या कानात माझी बेस मोठी, ढोलकी मध्यम, बायकोचा आवाज बारीक. कानात घातलं की जग बंद. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत, समोर बसलेल्या बायका नुसती तोंडं हलवताना दिसतात. मला ते कधीच आवडलं नाही, कोंडल्यासारखं व्हायचं. पण आवाज इतका स्वच्छ यायचा की मी स्वतःवर खूश असायचो. म्हणायचो, काय गोल वाजतंय! आपल्याला ऐकू येतं तेच लोकांना ऐकू येतं, असं धरून चालायचो.

तर नेसरीला संक्रांतीनंतरचा कार्यक्रम होता. दुपारी चारचा, बायकांचा हळदीकुंकवाचा मेळावा. मांडव गच्च भरलेला. बायको अशा कार्यक्रमात खुलते. गाण्याआधी ती वळून पट्टी सांगते, बोटांनी. चार बोटं म्हणजे काळी चार. पेटीची चौथी काळी. माझ्यासाठी तो जाड तारेचा चौथा पडदा. त्या दिवशी दुसऱ्याच गाण्याला तिनं चार बोटं दाखवली, मी चौथ्या पडद्यावर बोट ठेवलं, आणि पहिलं कडवं सुरू होताना माझ्या डबीची बॅटरी संपली. कानात एकदम काही नाही.

मी कानातलं काढलं. सगळं अंगावर आलं. ढोलकी, ऑक्टोपॅड, बायकोचा मोकळा आवाज, आणि खालनं दणका. मोठा, जाड, पोटात जाणारा. मला आधी बरं वाटलं. मग ध्यानात आलं की तो दणका माझ्या बोटांबरोबर येत नाहीये. मी एक सूर वाजवतोय आणि मांडवात दुसराच घुमतोय. मी कीबोर्डवाल्याकडं बघितलं. त्याचा डावा हात खालच्या पट्ट्यांवर चालला होता, निवांत.

मी थांबलो. काही झालं नाही. परत सुरू केलं. काही झालं नाही. मग डोकं फिरलं माझं. मी मुद्दाम एक पडदा वर सरकलो, पाचव्यावर. काळी चारच्या गाण्यात पाचवा पडदा धरून बसणं म्हणजे काय हे वाजवणाऱ्यालाच कळेल. दुधात मीठ. झोपलेला माणूस उठून बसावा असा सूर. अख्खं कडवं मी तोच ठोकत राहिलो. कीबोर्डवाला हसत होता, समोरच्या कुठल्यातरी पोरीला बघून. ढोलकीवाल्याची मान डोलत होती. बायको हात वर करून तान घेत होती. कुणीही वळून बघितलं नाही. म्हणजे नुसतं बाहेर नाही, त्यांच्यापैकी एकाच्याही कानात मी नव्हतो. भर दुपारी, एवढ्या लोकांपुढं, मी उभा होतो आणि नव्हतो. उरलेली गाणी मी तशीच वाजवली. बरोबर वाजवली. खाली उतरून जाणार तरी कुठं? बायको गात होती ना.

कार्यक्रम संपल्यावर मी सरळ ऑपरेटरकडं गेलो. हा माणूस माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. त्याचे वडील उरुसाला आणि लग्नाला कर्णे लावायचे, तेव्हापासनं आमची ओळख. मिक्सरवर त्यानं पांढऱ्या चिकटपट्टीवर पेननं प्रत्येकाचं नाव लिहून चिकटवलेलं असतं. माझ्या नावाचं आवाजाचं सरकतं बटण अगदी तळाला होतं.

"माझी लाईन बाहेर जाते का?"

"दादा, चहा घ्या की."

"चहा गेला खड्ड्यात. जाते का?"

तो वायर गुंडाळायला लागला. कोपराला आणि अंगठ्याला, आठाच्या आकड्यात, नीट. एक अख्खी वायर गुंडाळून झाली.

"न्हाय जात," तो म्हणाला. "दसऱ्यापासनं."

"कुणी सांगितलं? मालकानं?"

"वैनींनी. बाहेर बंद ठेव म्हणाल्या, कानात चालू ठेव. मला लई वाईट वाटतंय दादा, पर मी तरी काय करू?"

तळपायाची आग मस्तकात गेली. पण गाडीत सगळे होते. नेसरी ते कोल्हापूर मी खिडकीबाहेर बघत बसलो. मालक विनोद सांगत होता, सगळे हसत होते, सगळ्यांना माहीत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. दसऱ्यापासनं संक्रांत. किती कार्यक्रम झाले असतील! प्रत्येक वेळी मी गिटारची मान सरळ केली, तारा पुसल्या, सूर लावला, आणि या सगळ्यांनी माझ्याकडं बघून मान डोलावली.

मालकाच्या दारापासनं घरापर्यंत आम्ही मोटरसायकलवर जातो. बेस तिच्या पाठीला असते, मधी ठेवली तर माझ्या मणक्याला लागते. थोडं पुढं गेल्यावर मी न वळता विचारलं, "माझी लाईन तू बंद करायला लावलीस?"

तिनं पाठीवरची बेस सावरली.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. मला कळलंय."

"गाडी बाजूला घ्या," ती म्हणाली.

उसाच्या रसाच्या एका गाड्यापाशी मी थांबलो. ती उतरली, बेस पाठीवर तशीच.

"मालक तुम्हास्नी काढणार हुते," ती म्हणाली. "दसऱ्याच्या आदी. कीबोर्डवर डाव्या हातानं बेस हुतोय, येगळा माणूस कशाला म्हणाले. मी हात जोडले त्यांच्यापुढं. म्हटलं, ते न्हाईत तर मलाबी घरातनं सोडायची न्हाईत. हुभं राहू द्यात नुसतं. बाहेर बंद ठेवा, पर त्यांच्या कानात चालू ठेवा. त्यास्नी कळू देऊ नका."

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर आला असतासा?"

नसतो आलो. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मग मी ते विचारलं जे विचारायला नको होतं. "माझं वाजवणं वाईट आहे का?"

तिनं लगेच नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती खोटं बोलत नाही, हाच तिचा दोष आहे.

"वाईट न्हाय. मागं पडतंय. पूर्वी न्हवतं असं. आता कंपनीतनं दमून येतासा, हात जड झालेला असतोय. मी फुडच्या ओळीला जाती आन तुम्ही अजून मागच्या सुरावर. कुणीतरी खालनं पदर धरल्यागत हुतंय मला."

"मग जा की एकटी!" मी ओरडलो. रसवाला बघायला लागला. "जा की! मला काय हौस आहे व्हय?"

"कशी जाऊ? आईंच्या फुडं तुम्ही शब्द दिलाय. तुम्हीच त्यास्नी इचारा. त्या हो म्हणाल्या तर म्होरल्या कार्यक्रमापासनं मी एकटी जाती. म्हणजे तुमचीबी सुटका हुईल."

सुटका. अठरा वर्षं मी हाच शब्द मनात घोळवत होतो. तिच्या तोंडून ऐकल्यावर मी गाडीला किक मारली.

दोन दिवस मी नुसता शिफ्टला गेलो आणि आलो. तिसऱ्या दिवशी सकाळी आई तांदूळ निवडत बसली होती, बायको पाण्याला खाली गेली होती. मी जवळ बसलो. कसं विचारावं कळेना, म्हणून रागानंच विचारलं.

"तुझा तो नियम अजून किती वर्षं चालवायचाय?"

"कसला रं नियम?"

"हिनं एकटीनं गायला जायचं न्हाय ते."

आईनं सूप खाली ठेवलं. "माझा? मी कवा अडवलं तिला?"

"मग कुणी अडवलं?"

"अरं, लग्नाच्या बैठकीला तिच्या घरची म्हणाली, पोरगी गाती, गाऊ द्याल काय. मी हो म्हणायला तोंड उघडलं, तवर तूच मधी बोललास. 'मी संगट असंन तरच.' लई छाती फुगवून बोललास. मला वाटलं नवरा-बायकोचा तुमचा इचार. म्या म्हातारीनं कशाला मधी पडू? जाऊ दे की एकटी. आता काय ल्हान हाय व्हय ती?" आणि परत सूप उचललं. "तांदळात खडं लई हाईत ह्या बारीला," असं काहीतरी म्हणाली.

मला ती बैठक आठवली. सतरंजी आठवली, पोह्यांच्या बशा आठवल्या. मी नुकतीच बेस घेतलेली, वय पंचवीस, आणि समोर ही बसलेली. बैठकीच्या आधी मी तिला एकदाच ऐकलं होतं, एका गणपतीच्या मंडपात. ती गात होती आणि सगळा मंडप तिच्याकडं बघत होता. मला ते आवडलं होतं आणि अजिबात आवडलं नव्हतं. "मी संगट असंन तरच" हे मी प्रेमानं म्हणालो होतो. खरंच प्रेमानं. पण नुसत्या प्रेमानं नाही. आणि पुढं सोयीनं मी ते वाक्य आईच्या नावावर टाकून मोकळा झालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर दुसऱ्याचा हात दाखवला.

बायको कळशी घेऊन वर आली. तेव्हाच सांगायचं होतं. दोन वाक्यांचं काम. आई हो म्हणाली, तू जा एकटी. मी उठून आंघोळीला गेलो.

पुढचा कार्यक्रम चंदगडला होता, एका शाळेच्या पटांगणात. मी गेलो. दुपारी ऊन मऊ होतं, मागं काजूची झाडं. मी सूर लावला, वायर जोडली, ऑपरेटरनं खाली मान घातली. पहिल्या गाण्याला मी दोन्ही कानांतलं काढून गळ्यात सोडलं आणि वाजवायचं सोडून नुसती बोटं फिरवत राहिलो.

अठरा वर्षांत मी तिला कधी नीट ऐकलंच नव्हतं. आधी माझा बॉक्स मधी होता, नंतर कानातला स्पीकर. तिचा आवाज आता थोडा जाडावलाय. वरच्या सुराला ती पूर्वीसारखी सरळ जात नाही, जरा वळसा घेते, आणि तो वळसाच इतका गोड आहे की पुढच्या रांगेतली एक म्हातारी डोळे मिटून बसली होती. खाली कीबोर्डवाल्याचा डावा हात अगदी वेळेवर पडत होता. मी कुठं तरी भोक सापडतंय का बघत होतो. कुठल्या तरी ओळीला वाटावं, इथं बेस गिटार पाहिजे होती, इथं माणूस पाहिजे होता. शेवटच्या गाण्यापर्यंत मी शोधलं. काही कमी नव्हतं.

ती एकटी गेली आणि रडत परत आली, तर मला चालेल. ती एकटी गेली आणि हसत परत आली तर मी काय करू? मी फौंड्रीतला एक माणूस, ज्याच्या घरात एक जड गिटार आहे, एवढाच उरतो. मला लाज वाटते हे लिहायला. पण भीती वाटते ती याचीच.

परत येताना मोटरसायकलवर तिनं विचारलं, "आईस्नी इचारलंसा काय?"

"न्हाय अजून," मी म्हणालो.

आता आंब्याचे दिवस संपत आले. मधी किती कार्यक्रम झाले, मी मोजले नाहीत. आईला वाटतं मी सांगितलंय आणि हिलाच माझ्याशिवाय करमत नाही. तिनं मला तसं म्हणूनही दाखवलं, कौतुकानं. मागच्या रविवारी, वळणावर गाडी हळू झाली तेव्हा, बायकोनं परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. म्हणालो, आईची तब्येत जरा नरम आहे.

"ऱ्हाऊ दे मग," ती म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाला उगं तरास नको. त्यांचं बरं झालं की इचारा. मी थांबती की."